पक्षाघातानंतर तोल आणि चालणं: टेस्टमध्ये मार्क चांगले, तरी बाबा गेटबाहेर जायला तयार नाहीत

वैशाली_मिरज

नमस्कार मंडळी, इथे घरातल्या पेशंटची काळजी घेणारे बरेच जण आहेत म्हणून विचारते. बाबांना (६८, रिटायर्ड शिक्षक) हिवाळ्यात स्ट्रोक आला, मेंदूच्या उजव्या बाजूला, त्यामुळे डावा हात आणि डावा पाय लुळा पडला होता. वेळेत दवाखान्यात पोचलो ही देवाची कृपा, आणि नंतर फिजिओथेरपी त्यांनी अगदी मनापासून केली. आता घरात एकटे चालतात, बाथरूमला जातात, काठी कधी घेतात कधी नाही. हात अजून साथ देत नाही पण पाय बऱ्यापैकी आलाय.

परवा फिजिओने तोलाची टेस्ट घेतली, बर्ग स्केल म्हणतात तिला, ५६ पैकी ४८ आले आणि ते खूश झाले. मग त्यांनीच १६ प्रश्नांचा एक कागद काढला, एबीसी स्केल, त्यात प्रत्येक कामाला ० ते १०० टक्के सांगायचं की हे करताना तोल जाणार नाही याची तुम्हाला किती खात्री वाटते. त्याची सरासरी आली ३८. आता ४८ खरं धरायचं की ३८? वाचनालय आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून आहे, आयुष्यभर रोज संध्याकाळी तिथे जाणारा माणूस आता दिवसभर खिडकीपाशी बसून असतो. भाऊ म्हणतो सगळं मनाचं आहे, जरा जोर केला की जातील. मला जोर करायचीच भीती वाटते, पडले आणि खुब्याचं हाड मोडलं तर काय करणार. हे आकडे नक्की काय सांगतात कुणी समजावून सांगेल का?

दत्ता_लोणंद

ताई आधी बाबांना नमस्कार सांगा, ४८ म्हणजे चांगली मेहनत आहे. आमच्याकडे बरोब्बर उलटा प्रकार आहे, तो नंतर सविस्तर लिहितो. सुजाता मॅडम धागा बघतील तर नीट सांगतील, त्यांना मेसेज केलाय.

सुजाता_न्यूरोफिजिओ

बघितला धागा. वैशाली, दोन्ही आकडे खरे आहेत, कारण दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. जरा लांब लिहिते, सांभाळून घ्या.

बर्ग स्केल कॅनडात कॅथरिन बर्ग यांनी तयार केली, १९८९ ला प्रसिद्ध झाली, मुळात म्हाताऱ्या माणसांसाठी. त्यात १४ कामं असतात, खुर्चीतून उठणं, आधाराशिवाय उभं राहणं, डोळे मिटून उभं राहणं, खालची वस्तू उचलणं, मागे वळून बघणं, गोल फिरणं, स्टुलावर आलटून पालटून पाय ठेवणं, एका पायावर उभं राहणं अशी, प्रत्येकाला ० ते ४ मार्क. आता त्यात काय नाही ते बघा. त्यात चालणंच नाही! चालण्याचं एक पाऊलही मोजलं जात नाही. आणि टेस्ट होते शांत खोलीत, सपाट फरशीवर, फिजिओ हाताच्या अंतरावर उभा असताना. ४५ च्या खाली पडायचा धोका जास्त असं पूर्वीपासून सांगतात, पण एकाच आकड्यावरून हा पडेल आणि तो पडणार नाही असं ठरवता येत नाही, हे आता आम्ही सगळेच मानतो.

एबीसी १९९५ ची, पॉवेल आणि मायर्स यांची, तीही कॅनडातलीच. ती पायाला काही विचारत नाही, माणसाला विचारते. घरात फिरणं, जिना, चप्पल उचलायला वाकणं, खुर्चीवर चढून वरचं काढणं, केर काढणं, गाडीत बसणं उतरणं, उतारावर चालणं, गर्दीत लोक भराभर शेजारून जात असताना चालणं, कुणाचा धक्का लागणं, सरकता जिना, असे प्रश्न. म्हाताऱ्या माणसांच्या अभ्यासात ८० च्या वरचे लोक चांगले हिंडते फिरते, ५० ते ८० वाले मध्यम, आणि ५० च्या खालचे बहुतेक घरात अडकलेले असं ढोबळ चित्र निघालं होतं. बाबांचे ३८ म्हणजे ते खिडकीत का बसतात याचं उत्तर त्या कागदावरच आहे.

पण सरासरी बघू नका, वैशाली. कागद परत हातात घ्या आणि एकेक प्रश्न बघा. घरात फिरणं ९० आणि गर्दी ० असेल तर सरासरीत ते दोन्ही हरवतात. ती १६ उत्तरं इथे टाकता येतील का?

वैशाली_मिरज

सुजाताताई खूप धन्यवाद. सगळी नाही लिहीत पण ढोबळ सांगते. घरात चालणं ९०, डोळ्यासमोरच्या फळीवरचा डबा काढणं ८०, चप्पल उचलणं ६०, जिना कठडा धरून ५०. मग एकदम खाली. गेटपासून गाडीपर्यंत ३०, गर्दी ०, धक्का ०, सरकता जिना ०, आणि बर्फाच्या फुटपाथवर चालणं असा एक प्रश्न होता तिथे फिजिओच गोंधळले, बाबांनी ० सांगितलं.

मृणाल_मिसिसागा

बर्फाच्या प्रश्नावर लिहिल्याशिवाय राहवेना. माझे सासरे इथे कॅनडात आमच्याकडे आलेले असताना त्यांना स्ट्रोक आला आणि त्यांनाही हाच कागद दिला होता. इथे तो प्रश्न अगदी रोजचा आहे, जानेवारीत दारासमोरचं बर्फ रात्री परत गोठतं आणि सकाळी काचेसारखं गुळगुळीत असतं, धडधाकट माणसं पडतात. ज्या देशात स्केल बनली तिथलं हवामान त्यात आलंय. पण सासऱ्यांना साताऱ्याला परत जायचं होतं, तिथे बर्फ कुठला, तिथे पावसाळ्यात न्हाणीघरातली शहाबादी फरशी आणि घराबाहेरचं शेवाळ. ते कुणी विचारलंच नाही. आम्ही आमच्या फिजिओला सांगून त्या कागदाच्या शेजारी वेगळी यादी केली.

सुजाता_न्यूरोफिजिओ

मृणाल, वेगळी यादी केली हे उत्तम केलं. मी पण तेच करते. मूळ १६ प्रश्न जसे आहेत तसे ठेवायचे, कारण ते बदलले तर तो स्कोअर ५० किंवा ८० च्या आकड्यांशी ताडता येत नाही. त्यातलं एखादं काम पेशंट सध्या करत नसेल तर करायची वेळ आली तर किती खात्री वाटेल अशी कल्पना करून सांगायचं, आणि काठी वापरत असेल तर काठी हातात आहे असं धरून सांगायचं, हे मूळ सूचनांमध्येच आहे. आणि दुसऱ्या कागदावर आपल्याकडचं विचारायचं, त्याची सरासरी काढायची नाही, नुसतं महिन्या दोन महिन्यांनी परत विचारायचं. माझ्या यादीत असतं: ओल्या फरशीवर चालणं, भारतीय संडासात बसून उठणं, जमिनीवर मांडी घालून जेवायला बसणं आणि उठणं, देवळाचा उंबरा ओलांडणं, एसटीची पहिली पायरी चढणं, आठवडी बाजार, अंधारात लाईट गेल्यावर उठणं. बायकांना मी पाण्याची कळशी उचलणं विचारते, आणि साडी नेसून की गाऊन घालून हे पण विचारते, फरक पडतो त्याने.

बाळासाहेब५५

मला स्वतःला तीन वर्षांपूर्वी झालाय, उजवी बाजू, आता ठीक आहे. वैशालीताई, तुमच्या भावाने वाचावं म्हणून लिहितो, राग मानू नये. "मनाचं आहे" हे मी इतक्यांदा ऐकलंय. घरात मी चालताना हात आपोआप भिंतीकडे जातो, कपाट कुठे आहे टेबल कुठे आहे पायाला माहिती आहे. रस्त्यावर आलो की काही माहिती नसतं. मागून हॉर्न वाजला की पूर्वी मी न बघता बाजूला व्हायचो, आता बाजूला व्हायचं हा एक निर्णय असतो, कुठला पाय आधी, वजन कुठे टाकायचं, तोपर्यंत मोटारसायकल अंगावरून जाते. ओळखीचा माणूस भेटला आणि काय अण्णा कसं काय म्हणाला तर मला थांबावंच लागतं, बोलणं आणि चालणं दोन्ही एकदम होत नाही. लोकांना वाटतं अण्णा प्रेमाने थांबून बोलतात. हे सगळं डोक्यात असतं आणि मग माणूस म्हणतो नको, बसलेलं बरं. आळस नाही हो हा.

आणि न चालण्याने पाय अजून कमजोर होतो हेही कळतं, ते कळून जास्त त्रास होतो.

सुजाता_न्यूरोफिजिओ

बाळासाहेब, तुम्ही लिहिलंत ते मी कॉपी करून ठेवतेय, माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवीन तुमची हरकत नसेल तर. बोलायला लागलं की चालणं थांबतं, यावर स्वीडनमधल्या संशोधकांचा १९९७ चा अभ्यास आहे, वृद्धाश्रमातले जे लोक बोलताना थांबायचे ते पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडले. म्हणून मी पेशंटला चालवताना मुद्दाम काहीतरी विचारते, आज भाजी काय होती, नातवाची शाळा कुठली, आणि बघते वेग किती पडतो.

वैशाली, आता तुला दोन गोष्टी करायला सांगते. पहिली, बाबांची भीती खोटीच आहे असं धरून चालू नकोस. मेंदूच्या उजव्या बाजूचा स्ट्रोक आहे, अशा काही पेशंटचं डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही, डोळे चांगले असले तरी. बाबा दाराच्या डाव्या चौकटीला धडकतात का? दाढी करताना डावा गाल राहतो का? जेवताना ताटाची डावी बाजू, चटणी कोशिंबीर लोणचं, तशीच राहते का? हे बर्गमध्ये पकडलं जाईलच असं नाही, आणि रस्त्यावर त्याच बाजूने गाडी येते.

दुसरी, चालण्याचा वेग मोज. तो अजून कुणी मोजलेला दिसत नाही.

वैशाली_मिरज

ताई तुमचा प्रतिसाद वाचला आणि आईला विचारलं. ती म्हणाली कोशिंबीर रोज राहते, तिला वाटलं दही चालत नसेल म्हणून तिने करायचंच बंद केलं. काल मुद्दाम केली आणि मी बघत बसले. बाबांनी वरण भात भाजी पोळी सगळं संपवलं आणि डावीकडचं सगळं जसंच्या तसं. ताट फिरवून दिलं तर अरे कोशिंबीर आहे होय म्हणून आवडीने खाल्ली. मला रडूच आलं. आणि डाव्या दंडावर निळे डाग असतात त्यांच्या, ते रक्त पातळ करायच्या गोळीमुळे असतील असं आम्ही धरून चाललो होतो, आता वाटतं दार लागत असेल.

सुजाता_न्यूरोफिजिओ

फिजिओना आणि न्यूरॉलॉजिस्टना हे आजच सांग, डाग आणि गोळीचंही सांग, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दृष्टीचं क्षेत्रही तपासून घ्या, कधी अर्धी बाजू खरंच दिसत नसते, ते वेगळं. डावीकडे बघण्याचा सराव असतो, मान वळवून मुद्दाम डावी कड शोधायची, त्याने फरक पडतो. तोपर्यंत बाबा एकटे रस्त्यावर नकोत. गर्दीला त्यांनी ० दिलंय ते त्यांच्या आत्ताच्या परिस्थितीत बरोबर उत्तर आहे, त्यांना नीट सांगता येत नव्हतं एवढंच.

दत्ता_लोणंद

आता आमचं उलटं लिहितो. आईला पण उजव्याच बाजूचा. बर्ग ३१. आणि एबीसी विचारली तर सगळ्याला १००, मला काय झालंय, मी वारीला जाणार, दिवे घाट चढणार. आजारी आहे हेच तिला मान्य नाही. दोनदा पडली, एकदा डोक्याला टाके. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा पण स्ट्रोकचाच भाग असतो काहींना, आपली कमजोरी आपल्याला जाणवतच नाही. तेव्हा ज्यांच्या घरी १०० येतात त्यांनी खूश होऊ नका, दुसरा आकडा शेजारी ठेवून बघा. आईच्या कॉटला आता रात्री कुणीतरी असतंच, आणि दारात टाळाची पिशवी टांगली होती ती काढून ठेवलीय कारण ती दिसली की उठून निघायची.

अनुराधा_ठाणे

आमच्या घरी अजून तिसराच प्रश्न आहे. नवऱ्याला डाव्या मेंदूचा, वाचा गेली, समजतं बऱ्यापैकी पण टक्के वगैरे सांगता येत नाहीत. हो नाही पण कधी उलटं होतं. अशांचा आत्मविश्वास कसा मोजायचा?

सुजाता_न्यूरोफिजिओ

अनुराधा, मी तोंडी विचारत नाही मग. एक उभी पट्टी काढते कागदावर, तळाशी घाबरलेला चेहरा वर हसरा, आणि त्या कामाचा फोटो दाखवते, जिन्याचा, बाजाराचा, स्वतःच्याच घरातला फोटो असेल तर फारच छान. बोट ठेवायला सांगते. थोड्या वेळाने तेच फोटो क्रम बदलून परत दाखवते, बोट साधारण तिथेच आलं तर धरते, नाहीतर सोडून देते. याला एबीसीचा स्कोअर म्हणता येणार नाही, पण आपल्याला सुरुवात कुठून करायची ते कळतं. आणि बाकी चालून दाखवायच्या टेस्टना शब्द लागत नाहीत, करून दाखवलं की पेशंट करतो.

सचिन_पिंपरी

वेग कसा मोजायचा ते सांगा ना कुणीतरी, घरी होतं का?

सुजाता_न्यूरोफिजिओ

होतं, फक्त शेजारी धरायला माणूस पाहिजे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा लांब पॅसेजमध्ये टेपने १० मीटर मोजा, खडूने सुरुवात आणि शेवट आखा. त्यात पहिले २ आणि शेवटचे २ मीटर सोडायचे कारण माणूस सुरुवातीला वेग घेत असतो आणि शेवटी कमी करत असतो, म्हणून २ वर आणि ८ वर पण खूण करा आणि मधल्या ६ मीटरला मोबाईलचं स्टॉपवॉच लावा. ६ मीटरला १२ सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.५ मीटर. नेहमीच्या चालीने चालायला सांगा, घाईने नाही. थोडी विश्रांती देऊन परत घ्या आणि सरासरी काढा.

आकडा का महत्त्वाचा ते सांगते. कॅलिफोर्नियातल्या जॅकलिन पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये स्ट्रोकच्या पेशंटचा वेग आणि ते प्रत्यक्ष कुठवर जातात याची सांगड घातली. ०.४ च्या खाली असेल तर माणूस बहुतेक घरातच चालतो, ०.४ ते ०.८ मध्ये बाहेर जातो पण मर्यादित, ०.८ च्या वर गेला की बाहेर बऱ्यापैकी मोकळा. आणि रस्ता ओलांडायच्या सिग्नलचा वेळ ठरवताना चालणाऱ्याचा वेग साधारण १.२ धरतात, आता तुम्हीच बघा ०.५ वाल्या माणसाला चौकात काय वाटत असेल. सुधारणा झाली की नाही हे बघायला पण वेगच बरा, स्ट्रोकनंतरच्या पहिल्या दोनेक महिन्यांत ०.१६ एवढी वाढ झाली तर पेशंटच्या आयुष्यात खरा फरक पडतो असं २०१० च्या एका अभ्यासात आलंय.

दम किती टिकतो ते वेगळं, त्याला सहा मिनिटं चालायची टेस्ट असते, मध्ये थांबलात तरी घड्याळ थांबवत नाहीत. ती घरी करू नका, बीपी आणि हृदयाचं बघून दवाखान्यात करा. खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन वळून परत बसायची पण एक टेस्ट आहे, टाइम्ड अप अँड गो, त्यात वळताना पेशंट किती पावलं घेतो आणि बसताना धपकन बसतो का हे मी सेकंदांपेक्षा जास्त बघते.

बाळासाहेब५५

धरणारा माणूस कमजोर बाजूला उभा पाहिजे, जरा मागे, आणि कमरेचा पट्टा धरायचा. लुळा हात धरून ओढू नका कृपा करून, माझा खांदा तसाच निखळला होता. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. आणि स्लीपर नको, मागून पट्टा असलेली सँडल.

वैशाली_मिरज

आज मोजलं. ६ मीटरला ११ सेकंद, म्हणजे ०.५५ च्या आसपास. मी उजव्या बाजूने प्रश्न विचारला, सातवीच्या वर्गाला तुम्ही काय शिकवायचात, तर बाबा थांबले आणि मग बोलले, अगदी बाळासाहेबांनी लिहिलंय तसं. भाऊ घड्याळ धरून होता, तो काही बोलला नाही पण संध्याकाळी त्याने हा अख्खा धागा वाचला आणि आता रोज सकाळी तोच नेणार म्हणतोय. पण सुरुवात कुठून करायची? सरळ वाचनालय?

सुजाता_न्यूरोफिजिओ

नाही, सरळ वाचनालय नको. त्या कागदावर ज्याला ० दिलंय तिथून कधीच सुरू करायचं नाही. ५० ते ६० दिलेलं घ्या, म्हणजे जिना आणि वाकणं, ते पक्कं करा. मग ३० वालं, गेटपासून गाडीपर्यंत, सकाळी लवकर जेव्हा गल्ली रिकामी असते तेव्हा. भाऊ डावीकडे, आणि प्रत्येक थोड्या पावलांनी बाबांनीच मान वळवून डावीकडे काय दिसतं ते थांबून सांगायचं, घराचा रंग, कुणाची गाडी, काहीही. गर्दी अगदी शेवटी. आणि खात्री नुसतं धीर देऊन वाढत नाही, ते काम परत परत नीट जमलं की वाढते. कॅनडात २००५ मध्ये एक अभ्यास झाला, स्ट्रोकच्या एका गटाला चालण्याचा सराव दिला, जिना, अडथळे, वेगात चालणं असा, दुसऱ्या गटाला हाताचा, तर एबीसीतली खात्री चालणाऱ्या गटाची जास्त वाढली.

वाचनालयातल्या कुणाला तरी सांगून ठेव की थोड्या दिवसांनी पुस्तक घेऊन घरी या आणि बाबांना परत करायला गेटपर्यंत येऊ द्या. उभ्या उभ्या गप्पा हाही सरावच आहे.

वैशाली_मिरज

ग्रंथपाल काकांना फोन केला, ते बाबांचेच विद्यार्थी निघाले, रविवारी येतो म्हणाले. एक शेवटचं विचारते, पुढच्या वेळी मोजताना काठी घेऊन मोजू की काठीशिवाय? आज बाबांनी काठी घेतली होती.

सुजाता_न्यूरोफिजिओ

आज काठी होती तर पुढच्या वेळीही काठी घेऊनच, तीच सँडल, साधारण तीच वेळ, गोळ्या घेतल्यानंतर तेवढ्याच वेळाने. आणि कागदावर आकड्याशेजारी "काठीसह" असं लिहून ठेव. काठीशिवायचं मोजायचं असेल तर तो वेगळा रकाना कर, आणि ते फिजिओ समोर असतानाच.